लिथियम घेताय? रक्त कधी द्यायचं, कोणत्या नळीत, आणि उन्हाळ्यात काय सांभाळायचं

बायपोलर आजारावर (यात मन कधी बेफाम उधाणतं, कधी खोल उदास होतं) लिथियम आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे. मॅनिया, म्हणजे तो उधाणाचा झटका, आटोक्यात आणायचा, पुढचे झटके टाळायचे आणि आत्महत्येचा धोका कमी करायचा, ही तिन्ही कामं एकट्याने करणारं याच्या तोडीचं दुसरं औषध मनोविकारतज्ज्ञांच्या हाताशी नाही. तरी घरचे लोक लिथियमला बिचकतात आणि काही डॉक्टरही. गुण देणारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं आहे, हे खरंच. पण ते अंतर रक्ताच्या एका साध्या तपासणीत मोजता येतं. ती तपासणी मात्र नीट व्हायला हवी, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

देखभालीच्या काळात प्रौढांसाठी पातळी साधारण 0.6 ते 0.8 ठेवतात. मॅनिया भरात असताना 0.8 ते 1.0 पर्यंत नेतात, वयस्कांत बेताने खालीच ठेवतात. 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, 2 च्या वर प्रकरण गंभीर. रिपोर्टवर एकक मिलिमोल प्रति लिटर असो की मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, लिथियमच्या बाबतीत आकडा तोच राहतो, गोंधळू नका.

हे सगळे आकडे शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घेतलेल्या रक्ताचे आहेत. रात्री 9 ला गोळी घेतली असेल तर सकाळी 9 ला रक्त द्यायचं, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घ्यायची. गोळी घेऊन तासा-दोन तासांनी लॅबमध्ये गेलात तर पातळी भलतीच चढलेली दिसते, डॉक्टर डोस कमी करतात आणि काही आठवड्यांत आजार उसळतो. उलट 16 तासांनी रक्त दिलं तर आकडा उगाच कमी येतो आणि डोस वाढतो. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढलं, या दोन्ही वेळा रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा. नुसत्या लिथियमसाठी उपाशी राहायची गरज नाही.

आता नळी. हिरव्या टोपणाच्या बऱ्याच नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं, म्हणजे नळीतच लिथियम! अशा नळीत रक्त घेतलं तर ठणठणीत माणसाचीही पातळी विषारी निघू शकते. रक्त सीरमच्या, म्हणजे लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत घ्यायला सांगा. माणूस व्यवस्थित चालतोय, बोलतोय आणि रिपोर्ट मात्र 2.5 म्हणतोय, असं झालं तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि नळीची आधी चौकशी करा.

औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला 5 ते 7 दिवस लागतात, त्याआधीच्या तपासणीवर डोस ठरवू नये. पुढे पहिलं वर्षभर दर 3 महिन्यांनी, नंतर सगळं स्थिर असेल तर 6 महिन्यांनी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम सुरुवातीला आणि मग दर 6 महिन्यांनी. थायरॉइड मंदावला तर बहुतेक वेळा थायरॉक्सिनची गोळी जोडून लिथियम चालू ठेवता येतं.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियावर लिथियमचा उपयोग दाखवला, त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाऊन हृदयरोगी दगावले. मीठ आधीच बंद केलेल्या माणसांना कोणतीही मोजणी न करता लिथियम मिळत होतं; याहून वाईट मेळ शोधून सापडणार नाही. विदर्भातला मे महिना, निर्जळी उपवास, वारीतली चाल, जुलाब, एकाएकी अळणी खाणं, या सगळ्यांत असंच लिथियम अंगात साठतं. पाणी भरपूर प्या, मीठ रोजच्याइतकंच ठेवा. उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

दुसरा धोका केमिस्टच्या काउंटरवर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. ताप-अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल चालते, पण 'पॅरासिटामॉलच आहे' म्हणून हातात पडलेल्या जोडगोळीत आयबुप्रोफेन असू शकतं, पट्टीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. रक्तदाबाच्या गोळ्यांत रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन आणि त्यांहून जपायचं ते हायड्रोक्लोरोथायझाइड. गोळीच्या नावापुढे 'एच' जोडलेला असेल तर बहुधा तेच. ही औषधं लिथियमसोबत कधीच देत नाहीत असं नाही, पण डोस बदलून आणि आठवड्याने पातळी तपासून. फॅमिली डॉक्टरांना 'लिथियम चालू आहे' हे दरवेळी सांगा, मनोविकाराचं औषध म्हणून लपवू नका. या लपवण्यातूनच निष्कारण विषबाधा होतात.

बोटांची बारीक थरथर, जास्त तहान, जास्त लघवी हे नेहमीचे त्रास, पुढच्या भेटीत सांगण्याजोगे. हात मोठ्याने हलणं, कप धरता न येणं, चालताना झोकांड्या, जीभ जड होणं, पेंग, सोबत उलट्या-जुलाब: ही विषबाधा समजा. गोळी बंद, रुग्णालयात नेऊन तातडीने पातळी आणि क्रिएटिनिन. लिथियम अनेक महिने चालू असेल तर मेंदूत ते मुरलेलं असतं, त्यामुळे आकडा 1.4 आला म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. सलाइन आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. उशीर झाला तर तोल आणि बोलणं कायमचं बिघडू शकतं.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून एकदम बंदही करू नका, एकाएकी थांबवलं की मॅनिया परतण्याचा धोका मोठा असतो. थांबवायचंच असेल तर किमान 4 आठवडे, जमल्यास 3 महिने घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मूल हवं असेल तर हे बोलणं गर्भ राहण्याआधी व्हावं, कारण बाळाच्या हृदयाचा थोडा वाढणारा धोका आणि आईचा आजार उलटण्याचा धोका तेव्हा शांतपणे तोलता येतो.