लाजरालाही पुढे मरावेच लागले

उपशामक शुश्रूषेच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास हलका करण्याच्या कक्षात मी बरीच वर्षे परिचारिका आहे आणि स्वतः ख्रिस्ती आहे. एका आजींना मी दिलेले उत्तर मात्र अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आजींचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता. त्वचेखाली बारीक सुई ठेवून लहान पंपाने त्यांना चोवीस तास मॉर्फिन चालू होते. हे औषध वेदनेप्रमाणे धापेवरही उपयोगी पडते आणि मोजून दिले तर त्याने मरण ओढवत नाही, हे नातेवाइकांना रोज नव्याने सांगावे लागते. ते सांगण्याचे काम डॉक्टर आमच्यावर सोडून निघून जातात, याचा मला राग आहे.

आजींना भेटायला त्यांच्या चर्चच्या मंडळीतील भगिनी येत आणि ‘विश्वास ठेवा, प्रभू तुम्हाला उठवील’ अशी प्रार्थना करून जात. सोमवारी त्या गेल्यावर आजींनी मला विचारले, “सिस्टर, आता किती दिवस?” मी म्हणाले, “ते देवाच्या हातात आहे, आजी. तुम्ही विश्रांती घ्या.” त्या गप्प झाल्या.

गुरुवारी रात्री ओल्या स्पंजने त्यांचे ओठ आणि जीभ पुसत असताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा केला. तोपर्यंत पावले गार पडली होती आणि गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटू लागली होती, म्हणजे मला उत्तर ठाऊक होते. तरी तोंडून देवाचेच नाव निघाले. आजी म्हणाल्या, “देवाच्या हातातलं मला माहीत आहे. तुमच्या हातातलं सांगा.” मग थांबत थांबत त्या बोलल्या, “मला सगळे लाजराची गोष्ट ऐकवतात. मेला होता, येशूने हाक मारली आणि चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, खरं आहे. पण पुढे त्यालाही मरावंच लागलं ना? मला तसं उठायचं नाही. जिथून परत मरायचं नाही, तिथं मला जायचं आहे.”

मी सांगितले, “दोन दिवस, आजी. कदाचित तेवढेही नाहीत.” त्यांनी चर्चच्या पाळकांना बोलावून घ्यायला सांगितले आणि परगावच्या मुलाला निरोप द्यायला सांगितला.

शुक्रवारी सकाळी पाळकांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकरी आणि द्राक्षारस, दिले. गिळणे जमत नव्हते, म्हणून द्राक्षारसात भिजवलेला भाकरीचा कण त्यांनी आजींच्या जिभेवर ठेवला. आजी रडल्या. एक भगिनी हळूच म्हणाली की सार्वकालिक जीवनाची खात्री असणाऱ्याने रडू नये. असल्या बोलण्याने मरणाऱ्याचा एकाकीपणा वाढतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजराला आता आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. त्याच अध्यायात मार्था आणि मरीया या लाजराच्या दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी येऊन त्याला एकच वाक्य ऐकवतात, की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. आमच्या कक्षाच्या दारात हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते, फक्त तिथे येशूच्या जागी डॉक्टर असतो.

त्या रात्री आजींची शुद्ध हरपली. श्वास खोल होत जाई, मग उथळ, मग इतका वेळ थांबे की संपला असे वाटावे, आणि पुन्हा सुरू होई. मुलगा शनिवारी दुपारी पोहोचला. संध्याकाळी श्वास थांबला तो परतला नाही.

त्यानंतरचे काम मी कधीही घाईने करत नाही. कोमट पाण्याने चेहरा, बगला आणि बोटांच्या बेचक्या पुसायच्या, पापण्या हलकेच दाबून धरायच्या, अंग ताठरण्याआधी हातपाय सरळ करायचे, आणि प्रत्येक वेळी कूस वळवताना जिवंत माणसाला सांगावे तसे सांगायचे. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत एकत्र म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आम्ही नुसते आत्म्याचे अमरत्व म्हणत नाही, ‘शरीराचे पुनरुत्थान’ असे म्हणतो. ते शब्द मला चर्चपेक्षा या कामात अधिक कळले आहेत. देव ज्या देहाला पुन्हा हाक मारणार आहे, त्याला मी कसाबसा गुंडाळू शकत नाही.

मुलगा आईचा एक हात स्वतः पुसत होता. त्याने विचारले, “माझ्यासाठी काही म्हणाली का?” मी त्याला लाजराविषयीचे तिचे बोलणे आणि प्रभुभोजनाचे सारे सांगितले. सोमवारी तिने मला काय विचारले होते, ते सांगितले नाही.