व्यवसाय : मजूर

गेली एकोणीस वर्षं मी सिंधुदुर्गात वकिली करते. त्यातली बरीचशी ओरोसच्या जिल्हा न्यायालयात, मोटार अपघाताच्या दाव्यांमध्ये गेली. त्यातला एक शनिवार माझ्या मनातून जात नाही.

सप्टेंबरची लोकअदालत होती. माझे सहा दावे पॅनेलपुढे होते. त्यातला चौथा मालवण तालुक्यातल्या एका अडतीस वर्षांच्या माणसाचा. आदल्या वर्षी चतुर्थीच्या आधी तो कसालच्या तिठ्यावर एसटीची वाट बघत उभा होता. मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आलेल्या एका चाकरमान्याचा पहाटे डोळा लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांवर आली. उजव्या घोट्याचा चुरा. दोन शस्त्रक्रिया, पट्ट्या, स्क्रू. चूक कोणाची यावर वाद नव्हता आणि गाडीचा विमा चालू होता. असे दावे सोपे असतात, असं मी तेव्हा मानत होते.

कंपनीचं पहिलं पत्र फार लवकर आलं होतं. १ एप्रिल २०२२ पासून बदललेल्या मोटार वाहन कायद्यात विमा कंपनीच्या अधिकाऱ्यानं तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव देण्याची तरतूद आहे. पत्रात अडीच लाख रुपये देऊ केले होते. गंभीर दुखापतीला चूक कोणाची हे न बघता मिळणारी कलम १६४ ची ती ठरीव रक्कम. माणूस खाटेवर, घरात दोन मुलं, आणि पोस्टानं अडीच लाखांचा कागद येतो तेव्हा तो देवानं धाडल्यासारखा वाटतो. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा अर्ज तिथेच संपतो. पत्रात हे बारीक अक्षरांतही सांगितलेलं नव्हतं. मी त्यांना सही करू दिली नाही आणि चौथ्या महिन्यात अर्ज दाखल केला. सहा महिन्यांची मुदत आहे आता, तीही कित्येकांना ठाऊक नसते.

तर त्या शनिवारी कंपनीचा कोल्हापूरहून आलेला अधिकारी आकडा घेऊन बसला होता. सव्वाचार लाख. त्यानं हिशोब कागदावर मांडूनच आणला होता. महिना उत्पन्न दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार, वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाचं नुकसान किती पट धरायचं तो आकडा, १५. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यात उजव्या पायाचं ३२ टक्के अपंगत्व होतं, ते पूर्ण शरीराचं १५ टक्के धरलेलं. म्हणजे दोन लाख सत्तर हजार. दवाखान्याची बिलं पंच्याण्णव हजार, वेदना आणि इतर साठ हजार. बेरीज बरोबर होती. फिर्यादीत, पंचनाम्यात, केसपेपरवर सगळीकडे ‘मजूर’ लिहिलेलं, आणि माझ्या अर्जातही. व्यवसाय : मजूर. तो रकाना मी स्वतः भरला होता, फिर्यादीत बघून. मजुराला उत्पन्नाचा कागद नसतो, तेव्हा दहा हजार काही अगदीच कमी नाहीत असं मलाही वाटलं. मी म्हटलं पाच करा, अधिकारी म्हणाला साडेचारपर्यंत फोन करून बघतो. त्याच्या हातात तेवढंच असतं, वरची मंजुरी घेऊनच तो आलेला असतो. माणूस वाईट नव्हता.

बायको माझ्या कानाशी लागली. “ताई, घेवया आता. कर्जासाठी सोसायटीवाले दारात येतत. उद्याचा कोणी बघल्यान?”

तो काहीच बोलला नाही. मी म्हटलं चहा घेऊन येऊ, तोवर फोन होईल.

टपरीमागे एक जुना माड होता. चहाचा कप हातात घेऊन हा माणूस वर बघत राहिला. बराच वेळ. मग टपरीवाल्याला म्हणाला, “ह्या माडाची सुकी चुडता काढूक होयी. खालसून लोक जातत.”

मी सहज विचारलं, तुम्हाला काय माहीत?

“पंधराव्या वर्षापासना चढत होतंय. आता खयचा.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. एक वर्ष हा माणूस माझ्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसत होता. मी त्याला अपघात कसा झाला ते विचारलं, बिलं मागितली, आधार कार्ड मागितलं. तो रोज काय करतो हे मी विचारलंच नाही. तोही बोलला नाही, कारण पोलिसांनी ‘मजूर’ लिहिलं ते त्याला खोटं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या बागेत जाऊन नारळ पाडायचे, माड साफ करायचे, म्हणजे मजुरीच की.

तिथेच उभ्या उभ्या विचारत गेले. दिवसाला पंचवीस माड, हंगामात तीसही. माडामागे साठ रुपये. पाऊस लागला की खोड निसरडं, ते महिने जवळजवळ बंद. आंब्याच्या दिवसांत कलमांवर, झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी घेऊन. वर्षाची सरासरी काढली तर महिना पंधरा हजारांच्या खाली येत नव्हती. आणि चढायला काय लागतं? त्यानं डावा पाय उचलून दाखवला. खोडाला मारलेल्या खाचेत पाऊल बसवून तळवा आत वळवावा लागतो, टाच उचलून सगळा भार त्या घोट्यावर घ्यावा लागतो. उजवा घोटा पट्ट्यांनी जखडलेला, लाकडासारखा.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निवाडा आम्हा सगळ्यांना पाठ असतो. हाडाचं अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न, आणि त्यामुळे कमाई किती टक्के गेली हा दुसरा. हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळी जाते. तो निवाडा मी कितीतरी दाव्यांत दाखवला आहे. या दाव्यात दाखवायचं मला सुचलंच नव्हतं, कारण ‘मजूर’ शब्दात चढणं दिसत नाही.

आत जाऊन मी पॅनेलपुढे सांगितलं की आज तडजोड होणार नाही. पण त्याआधी जे करायचं होतं ते मला त्या दोघांसमोर करावं लागलं. चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं, असं सांगितलं. अर्ज दुरुस्त करावा लागेल, साक्षी लागतील, सहा महिने किंवा जास्तही लागतील, शेवटी किती मिळेल याची हमी देता येत नाही. आज सही केली तर पैसे लवकर मिळतील, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, पुन्हा मागता येणार नाही. निर्णय तुमचा.

बायकोनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. तो खाली आपल्या चपलेकडे बघत म्हणाला, “रवांदे.” राहू दे.

पुढचे सहा महिने सोपे नव्हते. अर्ज दुरुस्तीला कंपनीनं विरोध केला, तरी दुरुस्ती मंजूर झाली. तीन बागायतदारांनी तोंडी सांगितलं, आमचे माड हाच पाडायचा. साक्षीला दोघेच आले, तिसऱ्यानं आपल्याला कोर्टात नको म्हणून हात जोडले. आलेल्यांतल्या एका काकांनी वही आणली. कोणत्या तारखेला किती माड, किती रुपये दिले, पेन्सिलीनं लिहिलेलं, अकरा वर्षांचं. त्या वहीनं जे केलं ते माझ्या कुठल्याच युक्तिवादानं केलं नसतं. डॉक्टरांना मी एवढंच विचारलं, हा तळवा आत वळतो का, आणि या पायावर हा माणूस झाडावर चढू शकेल का. दोन्हीला उत्तर एकच आलं, नाही.

मग कंपनीचाच फोन आला. मार्चच्या लोकअदालतीत तोच अधिकारी, नवा कागद. उत्पन्न बारा हजार, स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्याप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, गुणक १५, कमाईची हानी ४० टक्के. त्यात बिलं आणि बाकीचं धरून साडेतेरा लाखांच्या थोडं वर जात होतं, ते आम्ही चौदावर थांबवलं. माझ्या हिशोबात उत्पन्न पंधरा हजार आणि हानी ६० टक्के होती, नुसते तेच बावीस लाखांच्या वर जात होते. लढले असते तर कदाचित मिळालेही असते, आणि कदाचित अपिलात आणखी चार वर्षं गेली असती. या वेळी मी दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि बाहेर जाऊन उभी राहिले. दहा मिनिटांनी दोघांनी मिळून सांगितलं, घेऊया.

सह्या झाल्या. निम्मी रक्कम मुदत ठेवीत, निम्मी खात्यावर. पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी त्याला आता काय करणार असं विचारलं, तर तो म्हणाला गावातल्या पोरांना चढायला शिकवतो, खाली उभा राहून.

बाहेर आल्यावर बायकोनं पिशवीतून एक चिठ्ठी काढली. सप्टेंबरात आम्ही थांबलो त्याच आठवड्यात तिनं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या बँकेत ठेवून सोसायटीचे पैसे भागवले होते. मला कोणी बोललं नव्हतं. चिठ्ठीवर महिन्यामहिन्याचं व्याज लिहिलेलं, मुलीच्या अक्षरात.

“सोन्याचा व्याज ह्येच्यात धरलात काय?” तिनं विचारलं.

तडजोडीत दाव्यावरचं व्याजसुद्धा आम्ही सोडलं होतं. मी नाही म्हटलं. तिनं चिठ्ठीची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि कसालची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.