दोन पौंड

2023 च्या ऑक्टोबरात धारवाडला पुरुषांची एम25, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिसमधली खालच्या स्तराची, स्पर्धा होती. एकूण बक्षीस 25,000 डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण तो मुख्य फेरीतल्या एकेरी-दुहेरीच्या खेळाडूंत वाटला जातो. पात्रता फेरीत हरणाऱ्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

आमच्या खानापूर भागातला एक पोरगा त्या पात्रता फेरीत खेळणार होता. तो बारा वर्षांचा होता तेव्हापासून त्याच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओढायचं काम, मीच करतो. शनिवारी दुकान बंद ठेवलं, ओम्नीत मशीन टाकलं आणि बेळगावहून कित्तूरमार्गे धारवाड गाठलं. त्याच्याकडे एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचा, एकच गुण होता. असा गुण 52 आठवडे टिकतो, आणि त्याचा पुढच्या महिन्यात जाणार होता. एम25 मध्ये मुख्य फेरीतली एक मॅच जिंकली की पुन्हा एक मिळतो. त्या एका गुणासाठी हा पोरगा वर्षभर रेल्वेने गावोगाव फिरत होता. सोबत कोच नाही, फिजिओ नाही. मधल्या आठवड्यांत लहान मुलांना शिकवून तिकिटाचे पैसे काढायचे.

ओम्नीचं मागचं दार उघडून मी मशीन लावलं. त्यानं तीन रॅकेटी पुढे ठेवल्या. तारा तुटल्या नव्हत्या, पण पॉलीची, म्हणजे पॉलिएस्टरची, तार न तुटताच मरते. तळव्यानं थोपटलं की आवाजावरून कळतं.

“मामा, दोनच करा. आणि 50 पौंडांवर ओढा. खांदा धरलाय.”

“50? अरे, तू महिनाभर चेन्नईत समुद्राकाठी खेळून आलायस. धारवाड 700 मीटरच्या वर हाय. इथं बॉल पळतोय. बाहेर जातील की.”

“असू दे की मामा. 50 च करा.”

तो सरावाला गेला. तार सैल असली की खांद्याला झटका कमी बसतो, पण बॉल लांब जातो. माझ्या मते तो चुकत होता. उंचीवर तार एक-दोन पौंड घट्ट ओढतात, इतकं तर गटिंग करणारा कोणीही सांगेल. मी 52 वर ओढलं, आणि रॅकेटवरच्या चिकटपट्टीवर 50 लिहिलं.

इतक्या वर्षांत मी असं कधीच केलं नव्हतं. मशीनचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा एकच असला पाहिजे, खेळाडू त्याच भरवशावर रॅकेट हातात घेतो.

रविवारी तो पहिली मॅच दोन सेटमध्ये जिंकला. बॉल बेसलाइनच्या आत पडत होते. माझ्या मनाला बरं वाटलं, हे कबूल करतो.

सोमवारी शेवटची पात्रता फेरी. पहिला सेट त्याचा, दुसरा समोरच्याचा. पात्रतेत तिसरा पूर्ण सेट नसतो, 10 गुणांचा टायब्रेक असतो. दुसऱ्या सेटपासूनच त्याची सर्व्हिस मंदावली होती. दोन पॉइंटच्या मध्ये तो खांदा गोल फिरवायचा, मग डाव्या हाताने दाबायचा. 8-8 वर डबल फॉल्ट. पुढचा फोरहँड नेटमध्ये. 10-8.

तो दोन पौंडांमुळेच हरला असं मी म्हणत नाही. कदाचित 50 वर पहिल्याच दिवशी हरला असता. पण दुखरा खांदा त्याचा होता, आणि कुठल्या ताणावर खेळायचं हे ठरवायचा हक्कही त्याचाच होता.

बॅग घेऊन तो ओम्नीपाशी आला. मी पाण्याची बाटली दिली आणि सांगून टाकलं, “50 नव्हतं ते. 52 ओढलं होतं मी.”

तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

“खांद्याला कळालं होतं,” एवढंच बोलला.

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, रागावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. रात्रीच्या गाडीनं त्याला पुढच्या स्पर्धेला जायचं होतं. त्यानं बॅगेतून तिसरी, न ओढलेली रॅकेट काढून माझ्यासमोर धरली.

“ही करा आता. 50.”

मशीनवर आकडा लावला आणि पहिली तार ओढायच्या आधी त्याला जवळ बोलावून दाखवला.