गड्डा यात्रेतला चटणीचा स्टॉल आणि एक इंटरव्ह्यू

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या फॅक्टरीत एचआरला आहे, पाच वर्षं झाली इंटरव्ह्यू घेतेय. हल्ली ओळखीची पोरं विचारतात, मॅडम इंटरव्ह्यूत एखादा जोक मारला तर चालतो का, इम्प्रेशन पडतं म्हणे. चालतो की, पण कुठला ते सांगते.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ४३ डिग्री, त्यात लाइट गेलेली, कूलर बंद, दुपारपर्यंत नऊ जण होऊन गेलेले आणि प्रॉडक्शनचे सर समोरच्या बायोडेटानंच वारा घेत बसलेले. डिस्पॅचच्या पोस्टसाठी एक पोरगा आला. सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला, प्रेशरमध्ये काम जमेल का? सकाळपासून सगळे पाठ केल्यासारखं "हो सर, नक्की सर" म्हणत होते. हा जरा थांबला आणि म्हणाला, "सर, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आमचा शेंगा चटणीचा स्टॉल असतोय. एकेक गिऱ्हाईक चव बघत बघत छटाकभर चटणी तिथंच संपवतंय आणि वर म्हणतंय, तिखट कमी आहे. तरी पावकिलो बांधून दिल्याशिवाय सोडत नाय." सर इतके हसले की वारा घ्यायचं राहूनच गेलं. आणि मला आवडलं ते पुढचं, आम्ही हसत असतानाच तो गडी मुद्द्यावर आला, संध्याकाळच्या गर्दीत सुट्टे पैसे कसे सांभाळायचे, माल संपत आला की घरी फोन कधी करायचा, रात्री हिशोब जुळला नाही तर काय. म्हणजे गंमतही झाली आणि प्रश्नाचं उत्तरही मिळालं.

उलटं पण बघितलंय. एकानं व्हॉट्सॲपवरचा बायकोचा जोक सांगितला, पॅनलमध्ये आम्ही दोघी बायका, कोणीच हसलं नाही आणि मग त्याचा जो आवाज बसला तो शेवटपर्यंत. दुसऱ्यानं तर पूर्व भागातल्या, म्हणजे आपल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या लोकांच्या मराठीची नक्कल केली. आमच्या सुपरवायझर काकांच्या घरी तेलुगूच बोलतात, त्यांचं अख्खं आयुष्य मागावर गेलंय. काका काही बोलले नाहीत, फक्त पेनाचं टोपण लावलं. मला आजही वाईट वाटतं ते आठवून. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच गल्लीत बोललं जातं, समोर कोण बसलंय याचा अंदाज कधीच बांधू नका.

पगाराचा विषय निघाला की गंमत बंद, तिथं आकडा सरळ सांगा. ऑनलाइन असेल तर अजून जपून, आवाज उशिरा पोचतो, तुम्ही पुढचं वाक्य चालू करता तेव्हा तिकडं हसतायत, मग दोघंही "बोला बोला" करत बसतात. म्हणून बोलून झालं की दोन सेकंद थांबायचं.

आणि पुस्तकातले जोक शोधू नका बे. घरी यंत्रमाग असेल, किराणा असेल, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला ये-जा केली असेल तर त्यातच भरपूर सापडतंय.

तो पोरगा आता आमच्या डिस्पॅचला आहे. जानेवारीत गड्ड्याला गेले तेव्हा मुद्दाम त्याच्या स्टॉलवर थांबले, त्याच्या आईनं हातावर चटणी ठेवली. तिखट बरोब्बर होतं, अर्धा किलो घेतली.