दोन क्रोसिन, सुट्ट्या

औषधाचं दुकान बंद होतं तेव्हा सेल लागत नाही. लक्ष्मी रोडवर साड्यांचं दुकान बंद व्हायचं असलं की 'दुकान बंद करणे आहे' असा कापडी फलक लागतो. (तो पुढे दोन-तीन दिवाळ्या तसाच असतो, हा भाग वेगळा.) मेडिकलचं तसं नाही. खोकी भरली जातात, परत जाण्याजोगा माल स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे जातो, लायसन्स एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) जमा होतं आणि शटरवर 'जागा भाड्याने देणे' असा कागद चिकटतो. गिऱ्हाइकाला पत्ता लागतो तो रात्री साडेनऊला डोकं ठणकायला लागल्यावर.

आमच्या कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीच्या आसपास, अशी मेडिकलं एकेक करून गेली. औषधांची दुकानंच कमी झाली म्हणावं तर तसंही नाही. कर्वे रोडवर साखळी दुकानं झगमगताहेत, मोठ्या हॉस्पिटलांच्या तळमजल्यावर रांगा आहेत. गेली ती गल्लीतली, मालक स्वतः काउंटरला उभा असलेली.

कारण विचारलं की सगळे एका सुरात 'ऑनलाइन' म्हणतात. औषध विक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेने त्याविरुद्ध १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ असे तीन बंद पाळले. केंद्राने ऑगस्ट २०१८मध्ये ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा काढला, तो वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. दरम्यान मार्च २०२०मध्ये करोनामुळे घरपोच औषधांना मुभा मिळाली, आणि एकदा दारात आलेली पिशवी पुन्हा दुकानात जाऊन आणायला कोण तयार होतंय?

पण आकडे मांडले की नुसत्या 'ऑनलाइन'वर भागत नाही. ज्या औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं, त्यांत २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किरकोळ विक्रेत्याच्या नफ्याचे १६ टक्के धरलेले आहेत. बाकीच्यांवर साधारण २० टक्क्यांचा रिवाज. त्यातून भाडं, वीज, फ्रिज, दुकान उघडं असेपर्यंत हजर हवा असलेला नोंदणीकृत फार्मासिस्ट, आणि कपाटात पडल्या पडल्या मुदत संपणारा माल. आता चौकातलं साखळी दुकान सरसकट २० टक्के सूट देऊ लागलं तर गल्लीतल्या मालकांनी काय घरून पैसे आणून घालायचे? साखळीवाल्यांना ठोक खरेदी परवडते, स्वतःच्या ब्रँडची प्रोटीन पावडर आणि साबण विकता येतात. अ‍ॅपवाल्यांना तोटा सोसणारे गुंतवणूकदार भेटतात. यांच्याकडे काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची बरणी. तीही सुट्ट्या पैशांऐवजी खपायची. यूपीआयने तिचाही धंदा बसवला.

खरी मेख पुढे आहे. गल्लीतलं मेडिकल जगायचं ते बीपी, शुगर, थायरॉइडवर. प्रत्येक घरात एक-दोन तरी 'कायमवाले' असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं दीड-दोन हजारांचं बिल ठरलेलं. त्या बिलाच्या जिवावर बाकीची सगळी फुकटची कामं चालायची. डॉक्टरांचं अक्षर लावणं. 'आजी, ही पांढरी आणि ती पांढरी एकच आहे, कंपनी बदललीय फक्त, दोन्ही घेऊ नका' हे तिसऱ्यांदा सांगणं. इन्सुलिनची पेन फ्रिजमध्ये सांभाळणं, आणि गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली की बर्फ शोधत फिरणं. अख्ख्या स्ट्रिपमधून कात्रीने दोन क्रोसिन कापून देणं. त्या दोन क्रोसिनमध्ये सुटतं किती, तर कात्रीची धारही निघणार नाही. आणि कापून उरलेल्यांची मुदत संपली तर त्या परत कोण घेतो?

आम्ही काय केलं, तर महिन्याचं मोठं बिल अ‍ॅपवर नेलं आणि दोन क्रोसिन तेवढ्या मेडिकलवाल्या काकांकडे ठेवल्या. यात मला अपराधी वगैरे वाटत नाही. आपल्याकडे रोजच्या गोळ्यांचा खर्च विमा सहसा देत नाही, पैसा सरळ खिशातून जातो. पेन्शनवरच्या माणसाने महिन्याला तीनशे रुपये वाचवू नयेत असं सांगणारा मी कोण? जनऔषधी केंद्रात तेच औषध ब्रँडच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळत असेल तर त्याने तिथेच जावं. फक्त आठवड्याला चाळीस रुपयांची खरेदी करून 'मेडिकल बंद कसं हो केलंत?' असं हळहळायला जाऊ नये, एवढंच.

आणि काका काही संतमंडळीतले नव्हते. नव्या स्टॉकिस्टला आधी आमचं ना-हरकत पत्र हवं, असा आग्रह औषध विक्रेत्यांच्या याच संघटनांनी वर्षानुवर्षं धरला. स्पर्धा आयोगाने २०१३मध्ये त्याबद्दल दंडही ठोठावला. कित्येक दुकानांत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलत्याच नोकरीवर, हेही सगळ्यांना माहीत होतं. २०१२च्या सुमारास एफडीएने त्यावर बडगा उगारला तेव्हा केवढी आरडाओरड झाली होती. आता खराच माणूस पगारावर ठेवायचा तर तो मिळत नाही. पुण्यात बी. फार्म. झालेली मुलं हिंजवडी-खराडीत औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासतात. एसी असतो, शनिवार-रविवार सुट्टी असते. दहा बाय अकराच्या दुकानात रात्री दहापर्यंत उभं कोण राहणार?

न्यू जर्सीतली भाची परवा म्हणाली, 'मामा, आमच्याकडेही तेच चाललंय.' तिथे वॉलग्रीन्स या औषधांच्या साखळीने १,२०० दुकानं बंद करायचं जाहीर केलं आणि राइट एड ही दुसरी साखळी तर २०२५मध्ये पुरतीच आटोपली. पण तिथे विमा कंपन्यांच्या वतीने औषधांचे दर ठरवणारे मधले दलाल आहेत, दुकानदाराच्या हातात काय पडायचं ते तेच ठरवतात. आपल्याकडे ते लचांड नाही. आपलं मेडिकल वेगळ्याच जोडीदारावाचून कोरडं पडलं आहे, आणि त्याचा उल्लेख कुठल्याच बंदच्या पत्रकात नसतो.

तो जोडीदार म्हणजे फॅमिली डॉक्टर. प्रत्येक जुन्या मेडिकलच्या वर किंवा बाजूला एक दवाखाना असायचा. एकाच औषधाचे बाजारात डझनावारी ब्रँड. त्यातले आपल्या डॉक्टरांच्या लेखणीतून कोणते उतरतात ते मेडिकलवाल्याला पाठ, तेवढेच तो भरायचा. मग डॉक्टर थकले. त्यांची मुलगी एम.डी. झाली आणि हॉस्पिटलात रुजू झाली. तिचे पेशंट तपासणी संपवून लिफ्टने खाली उतरतात तर समोर हॉस्पिटलचंच औषधांचं काउंटर. घरापर्यंत चिठ्ठी येतेच कशाला? इकडे काकांच्या कपाटात निवृत्त डॉक्टरांच्या आवडीचे ब्रँड एक्स्पायरीची वाट बघत बसले.

उरलंसुरलं रिडेव्हलपमेंटने केलं. सोसायटी पाडायला निघाली की घरवाल्यांना बिल्डर भाडं देतो, ते तीन वर्षं बाणेरला राहून येतात. मेडिकलचं लायसन्स मात्र जागेला बांधलेलं. जागा बदलली की नवा अर्ज, नवा नकाशा, नवी तपासणी, आणि जागा किमान दहा चौरस मीटर हवीच. तेवढ्या जागेला तीन वर्षं भाडं भरून, गिऱ्हाईक पांगलेलं असताना, पुन्हा जुन्या ठिकाणी नव्याने मांडामांड करायला साठीतला माणूस धजावत नाही. बिल्डरशी बोलून रक्कम घेतो आणि मोकळा होतो.

आमच्या काकांनी तेच केलं. सध्या ते एका साखळी दुकानात फार्मासिस्ट म्हणून कामाला आहेत. डी. फार्म.चं प्रमाणपत्र खरं होतं, ते उपयोगी पडलं. मला वाटलं होतं खंतावलेले असतील. गडी मजेत आहे. एक्स्पायरी झाली तर कंपनीची, जीएसटी बदलला तर सॉफ्टवेअर बघून घेतं. सप्टेंबर २०२५मध्ये बहुतेक औषधांवरचा कर १२वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा जुन्या एमआरपीच्या पाकिटांवर नव्या भावाने बिलं करताना छोट्या दुकानदारांच्या नाकी नऊ आले. हे म्हणाले, 'मी निवांत चहा पीत होतो.' रविवारी पर्वती चढतात म्हणे.

'नवी बिल्डिंग झाली की खाली पुन्हा काढणार का दुकान?' मी विचारलं.

'काढू की,' ते म्हणाले. 'आधी वर एखादा डॉक्टर तर आणून बसवा.'