आमची वाटचाल : भीमथडीच्या घोड्यांसोबत

दौंडजवळची आमची पागा लहान आहे. इथे फक्त भीमथडी घोड्या पाळतो आणि त्यांचीच शिंगरं विकतो.

शेतीला जोडधंदा म्हणून सुरुवात केली तेव्हा बाजाराचं मन वेगळीकडे होतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत गिऱ्हाईक आधी उंची बघतं, मग रंग. मारवाडी घोड्याला लाखांचा भाव मिळतो आणि आमच्या तट्टाकडे कुणी वळून बघत नाही. ‘मारवाडी नर लावा, पुढची पिढी उंच होईल,’ हा सल्ला घरच्यांपासून दलालांपर्यंत सगळ्यांनी दिला. आम्ही तो मानला नाही.

कारण ही बेताची उंची घाटाने घडवली आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत भीमेच्या खोऱ्यातल्या गावठी घोड्यांत अरबी आणि तुर्की रक्त मिसळत गेलं. त्यातून मराठी फौजेला हवं ते जनावर तयार झालं. कमी दाण्यावर निभावणारं, लांब मजल मारणारं, सह्याद्रीच्या उतारावर पाय रोवून चालणारं. फौजा मोडल्या, मोटारी आल्या, तरी जात टिकली ती धनगरांमुळे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तांडे, आजही घोड्यावर बिऱ्हाड लादतात. भांडीकुंडी, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं कोकरू, कधी त्यावर एखादं पोरही. रात्र उघड्यावर, चारा मिळेल तो. यात जी घोडी तगली, तिचीच वीण पुढे गेली.

आमच्या कसोट्या तिथूनच घेतल्या आहेत. आधी खूर. नाल न ठोकता खडकाळ माळावर चालवून बघतो. मग पाठ, आखूड आणि भक्कम हवी. पोराबाळांत, कुत्र्यांत, मेंढरांत बिथरणारी घोडी कितीही देखणी असो, विणीला ठेवत नाही. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. नर नात्यातला नको, म्हणून प्रत्येक शिंगराचे आईबाप वहीत लिहिलेले असतात.

२०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. देशातली घोड्यांची ही आठवी जात. तेव्हापासून रपेट शिकवणारे लोक आवर्जून विचारायला लागले, याचा फार आनंद आहे. काळजी एवढीच, की धनगरांनी घोडी विकून टेम्पो घेतला तर चांगली वीण कुठून आणायची? म्हणून वाड्यांवरची शिंगरं आम्ही घासाघीस न करता घेतो. घोडी सांभाळणं त्यांना परवडलंच पाहिजे.

सहा महिन्यांच्या आत शिंगरू आईपासून तोडत नाही. वरातीत नाचवायला घोडा देत नाही. रानात, घाटात फिरवणार असाल तर जरूर या.