आधी ठरवायचं, मग तपासायचं

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मी परवा पहिल्यांदा नीट वाचला, अनुसूचीसकट. भोंदूबाबा, नरबळी वगैरे अपेक्षितच होतं, पण त्यात असंही आहे की अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने गुरांचं दूध कमी करतो, त्याच्यामुळे रोगराई पसरते असं कोणाबद्दल पसरवणं हा गुन्हा. दूध! ज्याने कोणी हे लिहिलं त्याला गाव माहिती होतं. कारण सुरुवात अशीच होते, म्हैस आटली, पोराचा ताप उतरेना, पाठोपाठ घरात दुसरं मयत झालं आणि मग कोणीतरी म्हणतं, "ती त्या दिवशी आपल्या दारात कशाला आली होती?"

नंदुरबारकडे सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात डाकीण प्रकरणं, म्हणजे एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळायचं, आजच्या काळातली आहेत, अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कित्येक वर्षं तिथे झटतायत. मी मात्र अडकलो राजस्थानातल्या मेवाडच्या इतिहासात. 1853 मध्ये मेवाड भिल्ल कोअर या इंग्रजांच्या पलटणीतल्या एका शिपायाने डाकीण समजून एका बाईला मारलं, इंग्रजांनी प्रकरण लावून धरलं आणि त्याच वर्षी महाराणा स्वरूपसिंहांनी उदयपूर म्हणजे मेवाड राज्यात या प्रथेवर बंदी घातली. राजस्थान सरकारचा यावरचा स्वतंत्र कायदा कधीचा, तर 2015 चा. घ्या.

बंदीआधी चौकशी कशी व्हायची? भोप्याने, म्हणजे तिथल्या भगताने, नाव घेतलं की डोळ्यात मिरची, मग झाडाला उलटं टांगून झोके, कबूल होईपर्यंत. नाहीतर पाण्याची परीक्षा, बुडाली तर निर्दोष, तरंगली तर डाकीण. हीच पाण्याची परीक्षा सतराव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांतही चालायची, कुठे ते आणि कुठे अरवली!

लोक याला अडाणीपणा म्हणतात आणि विषय संपवतात ते मला पटत नाही, नुसता जमाव भडकला असता तर त्याने परीक्षा कशाला घेतली असती, इथे तर आरोप आहे, साक्षीदार आहेत, भगत म्हणजे एक्सपर्ट आहे, कबुलीजबाब आहे, दंड आहे, अख्खं कोर्टच आहे, फक्त सुटायची वाट ठेवलेली नाही. अमेरिकेत सेलमला 1692 मध्ये चेटकिणींचे खटले चालले, तिथे तर खरंखुरं कोर्ट होतं, न्यायाधीश होते, आणि तिथे कबुलीवर ठाम राहिलेल्यांचा जीव वाचला, फासावर गेले ते 19 जण शेवटी नाहीच म्हणत होते.

आणि नाव कोणाचं निघतं? विधवेचं, एकटीचं, बऱ्याचदा जिच्या वाट्याला जमिनीचा तुकडा आहे तिचं, आणि बोट दाखवणारे भाऊबंदच असतात. शहरातल्यांनी फार हसू नये, आमच्याच नात्यात धंदा बुडाला तेव्हा धाकट्या जावेने काहीतरी केलंय असं ठरलं आणि तिला अजून कोणी लग्नकार्याला बोलवत नाही. सगळे ग्रॅज्युएट बरं का. मिरचीपर्यंत गेलं नाही एवढंच. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 2022 च्या आकड्यांत जादूटोण्याच्या कारणावरून झालेले खून 85 आहेत, आणि हे फक्त पोलिसांपर्यंत आलेले.

आसामच्या बिरुबाला राभा यांचं मला म्हणून फार कौतुक. मुलगा मानसिक आजारी, त्याला ओझाकडे, म्हणजे तिकडच्या मांत्रिकाकडे, नेलं तर तो म्हणाला तीन दिवसांत मरणार. मुलगा मेला नाही! मग या बाईने गावोगावच्या असल्या निकालांवर भर सभेत प्रश्न विचारायला सुरुवात केली, धमक्या आल्या, तरी थांबल्या नाहीत. आसामने 2015 मध्ये कायदा पास केला, राष्ट्रपतींची सही व्हायला 2018 उजाडलं, 2021 ला बिरुबालांना पद्मश्री मिळाली. भाकीत चुकलं म्हणून एखाद्या ओझाला पाण्यात टाकून बघितल्याचं मात्र मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.